रांगोळीतली खाडी

पौषातलं कोवळं, केशरी ऊन खाडीवर उतरलं होतं. रजतजला, मंदगामिनी, कांदळवनाच्या हरित पदराआडून डोकावणारी ती खाडी उन्हात अंग सैलावून पहुडली होती. तिला पाहिलं की इंदुमतीच्या अंगाचा तिळपापड होई.

सवत! दुसरं नाव इंदुमतीला सुचतच नसे. पहाटे तिचा नवरा विसराम खाडीकडे जाई, तिन्हीसांजेला तिच्या चिखलाचा गंध लेवून परते, आणि ताटावर बसूनही तिच्याबद्दलच बोले. कांदळाला कुठे फूल आलं, चिंबोरीने कुठे नवं बीळ केलं. बायकोने नवी साडी नेसली, तर ती मात्र त्याला दिसत नसे.

आज गाव देवळाच्या अंगणात जमलं होतं. तालुक्याचा पक्का रस्ता देवळापर्यंतच आला होता; तो पुढे मासळीच्या धक्क्यापर्यंत न्यायचा होता. तालुक्याहून आराखड्यासाठी आलेल्या बाई म्हणाल्या, "आधी इथे जे जगतं ते रांगोळीने जमिनीवर काढा. रस्ता त्यानंतर." लोकांनी आपापली घरं काढली, आणि खाडी काढायला रांगोळी विसरामच्या हाती दिली.

काय त्याचा हात चालला! वळणावर वळण, वळणावर वळण. निळं, निळं, आणि पुन्हा निळं. माशांची पिल्लं जिथे लपतात तिथे हिरवा रंग पसरताना त्याने ओणवं होऊन हलकेच फुंकर घातली. इतक्या हळुवारपणे त्याने इंदुमतीच्या डोळ्यातलं कुसळही कधी काढलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

मग बाईंनी लाल रांगोळी घेतली. हिरवं कांदळवन वाचवत, माशांचं माहेर वाचवत लाल रेघ वळसा घेत गेली आणि एका मोकळ्या जागेतून पार झाली. गाव खूश झालं. इंदुमती त्या जागेकडे पाहतच राहिली. तिथे तिचं घर होतं. चिंबोरीचं बीळही न विसरलेला तिचा नवरा आपलं घर काढायला विसरला होता.

"हयसर माजा घर आसा," ती म्हणाली.

बाईंनी ओशाळून रेघ पुसली आणि लाल चिमूट हिरव्याकडे नेली. आता रस्ता कांदळवनातूनच जाणार होता. विसरामचा चेहरा उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, फक्त त्या हिरव्याकडे पाहिलं. नुसतं गप्प राहिलं की सवत मरेल! केवढं गोड वाटलं ते इंदुमतीला. पण तिच्यामागे हा माणूसही जगायचा नाही, हेही तिला दिसत होतं.

"रस्तो देवळाकडेच थांबवा," ती म्हणाली. "माशाची पाटी आमी डोक्यार घेवन येतलाव."

आधी बायकांनी माना डोलावल्या. पाट्या त्यांच्याच डोक्यावरच्या होत्या. मग पुरुषही हो म्हणाले.

विसराम लगबगीने त्या मोकळ्या जागेशी बसला. पांढऱ्या रांगोळीने चार भिंती काढल्या. दार काढलं. आणि त्याची चिमूट अधांतरीच थांबली.

"तुळस दाराच्या खंयच्या बाजूक गो?"

"त्या तुमच्या खाडयेक इचारा," म्हणून इंदुमतीने पदर खोचला आणि ती एकटीच घराकडे निघाली.

मागे भरती चढत होती. निळं पाणी, संथ पाणी, मुळामुळांशी, बिळाबिळाशी, दारादाराशी ओळखीचं पाणी, कुणालाच काही न विचारता हलके हलके आत शिरत होतं.