बोटभर फट

जोतीराम सुतारानं पहारीचं टोक फळीखाली सरकवलं आणि वर अंगाचा भार टाकला. फळी आधी नुसतीच कुरकुरली, मग खिळ्यांसकट उचकटून आली. केबिनच्या जमिनीखाली कोंडलेला वास वर आला. डिझेलचा, कुजलेल्या पानांचा, आणि त्यात कुठंतरी हळदीचा.

“मामी, नाकाला पदर लावा,” जोतीराम म्हणाला.

तानाबाईनं लावला नाही. घमेलं हातात धरून ती तशीच वाकून बघत राहिली. खाली लाँचच्या लाकडी बरगड्या होत्या आणि बरगड्यांमध्ये वीतभर काळं पाणी साचलं होतं. जोतीरामनं त्यात काठी खुपसली, तशी ती टक् करून कशाला तरी लागली.

“काय वाजलं ते?”

“बूड की लाँचचं.”

“म्हंजे हे पाणी धरणाचं न्हवं?”

जोतीरामला हसू आलं. “मामी, लाँच ओंडक्यांवर चढवून ठेवलीया. धरण तिकडं खाली ऱ्हायलं. हे आतल्या आत झिरपून साचलेलं पाणी. समद्या लाँचच्या पोटात असतंय. खाली बूड नसतं तर मामांनी जल्मभर ही हाकली असती व्हय?”

हसण्यासारखं होतंच. लाँच चालवणाऱ्याची बायको, आणि लाँचला दुहेरी तळ असतो हे तिला म्हातारपणी कळत होतं. पण तानाबाईला हसू येईना. ती बाकड्यावर बसली.

धरण झालं तेव्हा तिचं माहेर पाण्याखाली गेलं होतं. माणसं वरच्या वसाहतीत आली, देवीची मूर्तीही गाडीत घालून आणली. पण मूर्ती आली म्हणून देवी आली असं थोडंच असतं? देवी आपल्या मूळ ठाण्यात, खाली पाण्यातच राहिली, असं बायकांचं ठाम म्हणणं होतं. त्या जागेवर लाँच आली की तिचा नवरा पिराजी इंजिन मंद करायचा आणि बायका कठड्यावरून ओटी पाण्यात सोडायच्या. पण गगनबावड्याच्या अंगाचा तो पाऊस. एकदा धरला की ताडपत्र्या आवळून बांधाव्या लागत, बाहेर हात काढायची सोय नसे. मग बायका केबिनमध्ये बसल्याजागी जमिनीच्या फटीतून सोडत. फटीखाली पाणी चमकताना दिसायचं, लाँचबरोबर डुलताना दिसायचं. पाण्यात सोडलं म्हणजे देवीला पोचलं, यात शंका घ्यायची कुणी आणि कशाला?

तानाबाईनंही तसंच सोडलं होतं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर, देवीला चांदीचा पाळणा बोलल्यावर, प्रियदर्शनी झाली होती. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराकडून अंगठ्याएवढा पाळणा करून आणला आणि भर श्रावणात, तान्हं लेकरू छातीशी धरून, तिनं तो बोटांनी फटीतून खाली ढकलला. टुपकन आवाज आला होता. तो आवाज तिच्या कानात अजून होता. झोप लागत नसली की ती मनात तो पाळणा बघायची. हिरव्या पाण्यातून डुलत डुलत खाली चाललेला. माहेरच्या पिंपळाच्या शेंड्याजवळून, परड्यातल्या आडावरून, देवळाच्या पायऱ्या उतरून गाभाऱ्यात. तिथं देवी बसलेली असायची आणि पाणी इतकं नितळ असायचं की तिच्या नथीतला मोती दिसायचा. मग तानाबाईला झोप लागायची.

आता त्या सगळ्याच्या मधे हे काळं लाकूड आलं होतं.

प्रियदर्शनीला सातवा चालू होता. पहिलं राहिलेलं गेलं, म्हणून डॉक्टरांनी या खेपेला तिला कोल्हापुरात झोपवूनच ठेवलं होतं. पहिल्या वेळी तिच्या सासूनं तानाबाईला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमच्याकडचा एखादा नवस फेडायचा राहिलाय का. तानाबाईनं मान ताठ ठेवून सांगितलं होतं, आमच्याकडचं काही राहिलेलं नाही.

ती उठली, लुगड्याचा ओचा खोचला आणि सरळ भोकात उतरली.

“अगं, वर ये.” बाहेर करंजाच्या सावलीत दुखरा गुडघा लांब करून बसलेला पिराजी काठी टेकत आला. “त्यात साप असत्यात, किती बारी सांगायचं?”

हे तो पूर्वीपासूनच सांगत आला होता. लाँच उन्हाळ्यात काठावर ओढली की तो एकटाच आत शिरायचा आणि कुणाला फिरकू द्यायचा नाही. गुडघा गेल्यावर लाँचवर दुसरा ड्रायव्हर आला, मग पूल झाला आणि लाँचच बंद पडली. यंदा वसाहतीनं ठरवलं, जत्रेला म्हातारी माणसं मूळ ठाण्यावर न्यायची, म्हणून हा डागडुजीचा घाट घातलेला. पिराजीला वाकता येत नव्हतं, तेव्हा तानाबाई आली होती. येऊ नको म्हणून त्यानं सकाळपासून चार सबबी सांगून झाल्या होत्या.

“साप असला तर चावंल मला. तुम्ही बसा गप.”

पिराजी गप्प बसला नाही, पण वेगळंच बोलला. “जोतीराम, फळ्यांच्या मधी बोटभर फट ठेवायची. ध्यानात हाय न्हवं?”

“मामा, नव्या सागाच्या फळ्या, आन् फट ठेवू?” जोतीरामला हे सकाळपासून लागलं होतं. “लोक म्हणतील जोत्याला माप येत न्हाय. सुई जाणार न्हाय असं बसवून देतो की.”

“सुई नको जाऊ दे. फट ठेव.”

“म्हातारा ऐकायचा न्हाय,” जोतीराम स्वतःशीच म्हणाला आणि उरलेल्या फळ्या उचकटून बाहेर रंधा मारायला गेला. पिराजीही सावलीत परतला.

तानाबाई तळाची राड, तो काळा गाळ, उपसू लागली. घमेल्यात भरायची, बोटांनी चिवडायची, मग बाहेर ओतायची. कोपरापर्यंत हात काळे झाले. राडीतून काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले, फुगलेल्या सुपाऱ्या निघाल्या, हळकुंडं निघाली. खणाची एक चिंधी निघाली, तिची जरीची कडा तेवढी अजून पिवळी होती. पोराच्या मनगटातले काळे मणी निघाले. देवीला वाहिलेले चांदीचे डोळे निघाले, त्यांनी घमेल्यातून तिच्याकडं बघितलं. कुणाच्या लेकराचे डोळे आले होते कोण जाणे, आणि कुणाची तरी आई फेडलं म्हणून निवांत झोपत असेल. प्रत्येक मूठ उचलताना तिला वाटे, या मुठीत पाळणा असणार. तो सापडू नये असं तिला वाटत होतं, आणि तरी ती शोधत होती.

कमरेचा फोन वाजला. तिनं पदरानं हात पुसून तो कानाला लावला.

“आई, काय करतीस?” प्रियदर्शनीचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

“लाँच धुतोय गं. हलतंय का?”

“सकाळपास्नं लई. आत्ताच निजलंय बघ.”

“निजू दे. तूबी निज.”

फोन ठेवून तिनं बाहेर बघितलं. उघड्या दारातून खाली धरणाचं पाणी दिसत होतं, दुपारच्या उन्हात पांढरं झालेलं. त्याच्या तळाशी तिची गल्ली होती, आणि गल्लीत ऊन पोचत असेल की नाही, हे तिला लहानपणापासून कोडं होतं.

इंजिनाच्या चौथऱ्याखाली मात्र राड नव्हती. तिनं हात आत घातला, लांबवला, आणि हाताला पत्रा लागला. ओढून काढलं तर चाळण. गंजून तांबडी झालेली, पण काठाला तांब्याच्या तारेची शिवण तशीच होती. ती तिच्या बापानं घातलेली. गाव सोडताना आईनं पहिल्यांदा जी भांडी पोत्यात भरली त्यातली ती चाळण, लग्नात तिला मिळालेली.

ही चाळण प्रियदर्शनी रांगत होती तेव्हा घरातून गेली होती. तानाबाईनं शेजारच्या आक्कावर आळ घेतला होता. चाळण मागून नेली ती आक्कानंच, असं तिनं गल्लीत उभं राहून सांगितलं, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आक्काची म्हैस व्यायली तेव्हा आलेला खरवस तिनं दारातूनच परत धाडला होता.

पिराजी केबिनच्या दारात उभा होता. तो पुन्हा कधी येऊन उभा राहिला, तिला कळलं नव्हतं.

“अवो, ही माझी चाळण.”

“व्हय.”

“हितं कशी?”

पिराजीनं काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. “राड चाळाय लागायची. नुसत्या हातानं समदं गवसत न्हाय. मणी, डोळे, बारीक बारीक असतंय की.”

“आन् मग?”

“मग घेऊन जायाचो. पैल्या फेरीच्या आधी, एकटाच. देवळावर आलं की इंजिन बंद करायचं आन् एकेक सोडायचं.” त्यानं काठीनं लाँचचं बूड दाखवलं. “खाली बूड हाय म्हणून बायकास्नी कशाला सांगू? भिजत भिजत येत हुत्या बिचाऱ्या.”



“पाळणा?”

“सगळ्यात आधी त्योच चाळून काढला. त्याच्यासाठीच तर चाळण नेली.”

“मला तरी सांगायचं.”

“त्या दिवशी पोरीला घेऊन लाँचमधनं उतरलीस तवा हसत हुतीस. लग्नात सुदा तशी हसली न्हवतीस.” पिराजीनं नजर पाण्याकडं वळवली. “म्हटलं, ऱ्हाऊ दे.”

तानाबाईला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही. काळ्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळं गालावर राड लागली, आणि तिला आतून इतकं हलकं वाटलं की ती पाण्यात उभी नाही, तरंगतेय असं वाटलं. पाळणा पुन्हा खाली चालला होता. पिंपळाजवळून, आडावरून, पायऱ्या उतरून. आता त्याच्या वर, उजेडात, इंजिन बंद केलेली एक लाँच थांबलेली होती आणि कठड्यावरून एक तरणा गडी वाकून बघत होता. तो तिला आजवर कधी दिसला नव्हता.

“हे मग कुणाचं?” तिनं घमेल्याकडं बोट केलं.

“माझा गुडघा गेल्यावरचं. दुसऱ्या ड्रायव्हरला सांगाय पायजे हुतं. धीर झाला न्हाय, हसला असता.”

तानाबाईनं चाळण कडेला ठेवलेल्या डब्यातल्या पाण्यात खळखळून धुतली. मग बरगडीवर बैठक मारून घमेल्यातली राड तिच्यावर घेतली आणि नाचणी चाळावी तशी दोन्ही हातांनी हलवू लागली. काळं पाणी खाली गळत गेलं. वर एकेक वस्तू उरत गेली. ती उचलून ती पदरावर मांडू लागली. पिराजी दारातच खाली बसला आणि गुडघा चोळत बघत राहिला.

“आन् मी आक्काशी बोलत न्हाय,” ती चाळता चाळता म्हणाली.

“ठावं हाय.”

“ठावं हाय म्हणं. माझा अबोला चाललाय आन् हे बसल्यात गंमत बघत. आता तिला काय सांगू मी?”

“जत्रंला तिला लाँचमधी घे. केबिनमधी, तुझ्याजवळ बसव.”

बाहेर रंध्याचा आवाज थांबला. जोतीराम नवी फळी खांद्यावर घेऊन आत आला. सागाचा ताजा वास सगळ्या केबिनमध्ये पसरला. त्यानं फळी बरगड्यांवर आडवी टाकली, दुसरी तिच्या कडेला भिडवली आणि समाधानानं हात फिरवला.

“बघा मामी. केसबी जायाचा न्हाय.”

तानाबाईनं चाळण खाली ठेवली. “फट ठेव, जोतीराम.”

“आता तुम्हीबी?” त्यानं एकदा तिच्याकडं आणि एकदा पिराजीकडं बघितलं, मग हार मानून कानावरची पेन्सिल काढली. “बरं. किती ठेवू सांगा.”

तानाबाईनं उजव्या हाताचा अंगठा धुऊन घेतला आणि दोन फळ्यांच्या मधे उभा धरला.

“चांदीचा पाळणा जाईल एवढी,” ती म्हणाली.