सरळ केलेलं खोगीर

मी एक खोगीर. पेठ वडगावच्या हंबीररावांच्या घरातून, काचेच्या कपाटातून बोलतोय. आता मी अगदी सरळ झालोय आणि तेच माझं दुखणं आहे.

कोल्हापुरातल्या एका कारागिरानं मला जाड कातड्यातून घडवलं, पोटात लोकर भरली. हंबीररावांनी मला त्यांच्या पाखरी नावाच्या घोडीसाठी आणलं. मळा असो की बाजार, आम्ही तिघं बरोबर असायचो.

एकदा ओढ्यात पाखरी घसरली. हंबीररावांचा उजवा पाय मोडला आणि आखूड जुळला. तेव्हापासून ते डावीकडे भार देऊन बसत. मीही त्या बाजूला दबत गेलो, तिथं खड्डा पडला. जमिनीवर लंगडणारा तो माणूस त्या खड्ड्यात बसला की ताठ दिसायचा.

पुढं पाखरी मेली. मला गोठ्यात पत्र्याखाली टाकलं. पत्र्याच्या झळेनं माझं कातडं पापडासारखं वळलं. काम संपलं की माणसं वस्तूकडे बघायचंही सोडतात. हंबीरराव मात्र धारेला आले की त्या खड्ड्यात हात ठेवून थोडा वेळ उभे राहत. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

यंदा त्यांची पंचाहत्तरी. त्यांना चकित करायचं म्हणून मुलगा धैर्यशील मला गुपचूप कोल्हापूरला पिराजी नावाच्या कारागिराकडे घेऊन गेला. पिराजीनं मला कोमट पाण्याच्या फडक्यांत गुंडाळलं. कातडं मऊ पडल्यावर लाकडी साच्यावर ताणून बांधलं, सावलीत वाळवलं, तेल चोळलं. वळलेल्या कडा खाली बसल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग धैर्यशील बघायला आला.

"पावणं, डावीकडं खड्डा हाय. ठेवू का भरू?"

"भरा की. एकदम नव्यागत दिसलं पाहिजे."

"बसणाऱ्याला चालंल न्हवं?"

"आता कोण बसतंय? फोटोपुरतं हाय."

पिराजीनं नवी लोकर दाबून भरली. मला ओरडता आलं नाही.

मांडवात मला लाकडी घोडीवर चढवलं. मागं फेटा बांधलेल्या हंबीररावांचा मोठा फ्लेक्स होता.

"आबा, बसा की. तुमचंच खोगीर हाय."

दोघांनी धरून त्यांना बसवलं. ते उजवीकडे कलले. आखूड पाय लोंबत राहिला. त्यांचा हात डावीकडे खड्डा चाचपत फिरला.

"आबा, पाखरी उधळली व्हय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

हंबीरराव हसले नाहीत. "धैर्या, कुणाचं आणलंस हे?"

"तुमचंच, आबा. वाकडं झालतं, सरळ करून आणलंय."

"माझं वाकडंच हुतं," ते म्हणाले. उतरले आणि लंगडत घरात गेले.

धैर्यशीलनं मला या काचेच्या कपाटात ठेवलं. आजही तो पाहुण्यांना मोबाइलवर माझे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवतो. हंबीरराव याच खोलीत पेपर वाचतात, कपाटाकडे पाठ करून.

कुणी ऐकत असेल तर एवढं करा. ही काच उघडा आणि मला परत गोठ्यात टाका. कातडं वळलं तर वळू दे. तिथं निदान एक हात यायचा.