मतदानाला निघालेली जुनी लिफ्ट

मित्रांनो, मी ठाकुर्लीतल्या एका चार मजली इमारतीची जुनी लिफ्ट आहे. सरकत्या जाळीची, चालताना खडखडणारी. नव्या टॉवरमधल्या गुळगुळीत लिफ्ट मला बघून नाकं मुरडतील. मुरडू देत. त्यांच्यात माणसं मोबाइलकडे बघतात, माझ्यात अजून एकमेकांशी बोलतात.

मला इथे बसवलं तेव्हा काय माझा थाट होता! नारळ फुटला, पेढे वाटले, पोरं उगाचच वर-खाली करत राहिली. माझी पितळी मूठ रोज पुसली जायची. पुढे नव्याची नवलाई संपली. मूठ काळवंडली, जाळीच्या खाचेत धूळ साचली. ‘जाळी नीट लावा’ ही पाटी तेवढी उरली, पण ती वाचतो कोण? जाळी पुरती लागली नाही की मी जागची हलत नाही, आणि बोल मात्र मलाच लागतात.

मतदानाचा दिवस माझा सर्वांत लाडका. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून उतरायच्या आणि शाईचं बोट मिरवत वर यायच्या. कोण कोणत्या पक्षाचा, हे मला पक्कं ठाऊक असतं. पण नावं सांगणार नाही. लिफ्टने पोटात ठेवायला शिकावं लागतं.

चौथ्या मजल्यावर समोरासमोर राहतात महिपत घाडगे आणि मंजुळा परब. घाडगे मूळचे साताऱ्याकडचे, परबवहिनी कणकवलीच्या. दोघांच्या पक्षांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण संध्याकाळचा चहा मात्र एकत्र. एका निवडणुकीला, ऊन मी म्हणत असताना, घाडगे माझ्या दारात थबकले.

“वहिनी, तुमचं मत माझं मत खाणार, माझं तुमचं. मग कशाला एवढ्या उन्हात जायचं? दोघंही घरी बसू. फिट्टंफाट!”

“चालेल. पण गुपचूप जायचं नाही हां!”

“शब्द दिला.”

झालं! ही युक्ती साऱ्या इमारतीला आवडली. जो तो विरुद्ध पक्षाचा जोडीदार शोधू लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या विनीत आणि संचिता या नवरा-बायकोला तर तो घरातच मिळाला. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी मी तळमजल्यावर रिकामी उभी राहू लागले. फार वाईट वाटायचं मला.

मग कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण तुटलं. तक्रार नेली, तर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते हसून म्हणाले, “तुमच्या बिल्डिंगमधून मतं पडतात कुठे?” एका संध्याकाळी परबवहिनींचा पाय त्यात गेलाच होता. घाडग्यांनी हात धरला म्हणून वाचल्या. 

पुढची निवडणूक आली. मतदान संपत आलं होतं. कुणीतरी मला हळूच चौथ्या मजल्यावर बोलावलं. घाडगे! चोरपावलांनी आत शिरले, आणि तेवढ्यात समोरचं दार उघडून परबवहिनी लगबगीने माझ्यात आल्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं. 

“मी जरा दूध आणायला,” घाडगे म्हणाले.

“मी पण,” वहिनी म्हणाल्या.

दोघांच्याही हातात मतदार ओळखपत्र होतं. दुधाला ते लागतं, हे मला नवीनच होतं.

मी निघाले. दुसरा मजला मागे पडेपर्यंत दोघांचा बांध फुटला.

“शब्द देऊन फसवता, भाऊजी?”

“आणि तुम्ही काय देवळात निघालेलात?”

घाडग्यांनी तावातावाने हात उडवला, तो जाळीवर बसला. जाळी सरकली आणि मी मध्येच थांबले. मित्रांनो, तेव्हा जिवाचं पाणी झालं माझं. आता हे अडकले, तर मत तर जाईलच, इतक्या वर्षांचा चहाही जाईल!

घाडग्यांनी जाळी ओढली. हलेना. वहिनींनी ओढली. हलेना.

“भांडण नंतर करू. आधी धरा इकडे!” वहिनी म्हणाल्या.

दोघांनी मिळून जोर लावला. खट्ट! जाळी लागली आणि मी सुटले. खाली पोचताच परबवहिनींनी जिन्यात तोंड वर करून हाक दिली, “अहो, उतरा सगळे! आमचं फिट्टंफाट मोडलं!”

दारं धडाधड उघडली. बहुतेक जण चपला घालून तयारच होते, लबाड! विनीत-संचिता तर एकमेकांना ढकलत आले. मी धापा टाकत खेपा घातल्या, आणि सगळे वेळेत शाळेतल्या मतदान केंद्रावर पोचले. हुश्श! इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

परतताना माझ्यात दोघंच होते. वहिनी हळूच म्हणाल्या, “गटाराचा राग आला होता. यंदा तुमच्या पक्षाला दिलं मी.”

घाडग्यांनी कपाळावर हात मारला. “आणि मी तुमच्या!”

मग दोघं इतके हसले, की मी गदगदा हलले.

काही दिवसांनी दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते गटाराचं झाकण घेऊन आले आणि आधी कुणी बसवायचं यावरून भांडले. घाडग्यांनी शिवणयंत्राचं तेल आणून माझ्या खाचेत सोडलं. आता माझी जाळी एका बोटाने सरकते.

तेव्हा मित्रांनो, जुनी म्हणून मला टाकू नका, वेळच्या वेळी तेल घाला, जाळी नीट लावा. आणि मोठे झालात की मतदानाच्या दिवशी खुशाल भांडत या, पण खाली उतरा. मी न्यायला उभीच असेन.