कूलरशेजारचा पुडा

सात लोखंडी प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून लातूरहून आल्या. सोबत पत्र होतं. पत्रावर ‘जिल्हा लातूर’ हे दोन शब्द रबरी शिक्क्याने इतके ठासून उमटवले होते की कागद मागून फुगला होता. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण शिक्का मारणाऱ्याचा उत्साह काही ओसरला नव्हता.

मी तेव्हा नांदेडच्या एका तंत्रशाळेत धातूंच्या चाचण्या करीत असे. मला स्वतःला आयुष्यात एकदाही धड जोड मारता आला नाही. दुसऱ्यांनी मारलेले जोड तोडून पाहणं एवढंच माझं काम. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते लिहायचा मला कितपत अधिकार आहे, याची शंका आजही वाटते.

तीन वर्षं धड पाऊस नव्हता. धरणातलं उरलंसुरलं पाणी गावोगाव नेण्यासाठी लोखंडी नळ टाकायचे होते. नळांच्या जोडांवर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांना निदान जोड म्हणजे काय ते माहीत असावं, असं वर कोणाला तरी वाटलं, आणि लातूरच्या एका कार्यालयाने सहा तरुण अभियंत्यांसाठी पंधरा दिवसांचा वेल्डिंगचा वर्ग काढला. शेवटी प्रत्येकाने आपल्या हाताने एक प्लेट वेल्ड करायची, ती नांदेडला पाठवायची, मी ती वाकवून पाहायची. उत्तीर्ण झाला की तो वेल्डिंग अभियंता. सहा जणांच्या प्लेटांना एक ते सहा क्रमांक होते. सातवी प्लेट गुरुलिंगची होती.

गुरुलिंग उदगीरकडचा. नऊ वर्षं रोजंदारीवर वेल्डर. वर्गात प्रात्यक्षिक तोच शिकवत होता, आणि परीक्षाही त्यालाच द्यायची होती, कारण एक जूनपासून नळाच्या कामावर कायम वेल्डर घ्यायचे होते आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागत होतं. नापास झाला तर रोजंदारी होतीच. पत्रात हे सगळं एका ओळीत होतं. सहा अभियंत्यांच्या पदव्यांना मात्र अर्धं पान दिलेलं होतं.

चाचणी साधी असते. प्लेटेतून पट्टी कापायची, जोड मधोमध येईल अशी दोन आधारांवर ठेवायची आणि यंत्राने वरून दाबत घोड्याच्या नालेसारखी वाकवायची. चिरली नाही तर जोड चांगला. पहिल्या सहा पट्ट्या अशा वाकल्या की मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. एक केसाएवढी रेघ नाही. सातवी अर्ध्यातच खाडकन तुटली.

तुटलेल्या तोंडावर पांढरे चकचकीत गोल ठिपके होते, प्रत्येक ठिपक्याच्या मधे एक बारीक काळं भोक. आमच्या पुस्तकांत याला माशाचा डोळा म्हणतात. वेल्डिंगच्या रॉडमध्ये ओल शिरली असेल तर हे डोळे दिसतात. मी ते भिंगाखाली धरून बसलो. लातुरात विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि रॉडमध्ये ओल?

मग मी सातही प्लेटांचे उरलेले तुकडे पुन्हा पाहिले. वेल्डिंग थिजताना त्यावर माशाच्या खवल्यांसारख्या कमानी उमटतात आणि हात कुठून कुठे गेला ते सांगतात. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे जातो. क्रमांक सुलटा दिसेल असे धरले, तर सातही प्लेटांत हात उजवीकडून डावीकडे गेला होता, आणि शेवटचा खड्डा भरताना सातही ठिकाणी तोच एक छोटा वळसा होता. सहाही अभियंते डावखुरे असावेत, असं मी थोडा वेळ मानून पाहिलं. दुसऱ्याविषयी वाईट विचार करायची मला भीती वाटते. पण सहाही जण एकसारखा वळसा घालणारे डावखुरे, हे माझ्यासारख्या भित्र्यालाही पचेना.

अहवाल न लिहिता तुटकी पट्टी रुमालात बांधली आणि लोहा गावावरून जाणारी लातूरची बस धरली.

वर्गाच्या दालनात शिरलो आणि अंगावर थंड, ओला वारा आला. खिडकीत भलामोठा कूलर घरघरत होता. एक काळीसावळी बाई त्यात घागर रिकामी करत होती. ती केवळाबाई, तिथली झाडूवाली.

“किती पाणी लागतं हो बाई याला?” मी विचारलं.

“सकाळी दोन घागरी, दुपारी दोन. ह्या पेटीला पाजल्याबिगर सायबांच्या टकुऱ्यात शिकवण शिरत न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी येतो. आला तर. तुम्ही बी शिकाया आलाव का?”

“नाही.”

“मग बरं हाय.”

कूलरला टेकून एक स्टूल होतं आणि स्टुलावर रॉडचा फोडलेला पुडा. पुठ्ठा बोटाने दाबला तर नरम पडला. रॉड कोरडे करण्यासाठी वर्गाने एक ओव्हन घेतला होता. पत्रातल्या यादीत त्याचा थाटात उल्लेख होता. तो कोपऱ्यात चालू होता. मी दार उघडलं. आत सात पितळी डबे होते, आणि वांग्याच्या भाजीचा छान वास आला.

“जेवायची घाई झाली काय, शेषेराव?” मागून आवाज आला. अमृतराव साहेब, या वर्गाचे प्रमुख. पांढरा सफारी, खिशाला तीन पेनं. “निकाल आणलात?”

मी रुमाल सोडून पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि माशाच्या डोळ्यांविषयी सांगू लागलो. ते पट्टीकडे न पाहता माझ्या चपलांकडे पाहत होते. त्यांच्या मागच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: रॉड ओलाव्यापासून दूर ठेवावेत.

“थोडक्यात, सहा पास, एक नापास,” ते म्हणाले. “उत्तम.”

“साहेब, दोष वेल्डरचा नाही, रॉडचा आहे. नियमांच्या पुस्तकात अशा वेळी पुन्हा चाचणी—”

“मास्तर, तुम्ही पुस्तकातली कसर आहात. पान खाता आणि पानावरच राहता.” बसलेल्या दोन अभियंत्यांना ते आवडलं. “अहो, सातच्या सात पास झाले तर वरचे विचारतील, परीक्षा घेतलीत की हळदीकुंकू केलंत? एखादा नापास बरा दिसतो. त्याने वर्गाला वजन येतं.”

“पण हात—” मी म्हणालो.

“काय?”

“सातही प्लेटांचा हात—”

“जरा मोठ्याने बोला.”

मला मोठ्याने बोलता आलं नाही. मी ‘काही नाही’ म्हणालो आणि पट्टी रुमालात परत बांधू लागलो. गाठ बसेना. दोघांपैकी एका अभियंत्याने डोळ्यांत हसू आणून ती बांधून दिली. त्याची बोटं लोण्यासारखी मऊ होती. ठिणगीचा एक डाग नव्हता.

बाहेर लिंबाच्या सावलीत गुरुलिंग बसला होता. पस्तिशीचा, कपाळावर भस्म, हाताच्या पाठीवर भाजल्याचे ठिपके. तो डाव्या हाताने बिडी ओढत होता. मला आणखी कोणी काही सांगायची गरज नव्हती.

“नापास ना?” तो म्हणाला. “आतलं ऐकू येतंय इथं. खिडकी हाय.”

“रॉड दमट होते. तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की. चरचर करून राहिला होता रॉड, तव्यावर पाणी टाकल्यावानी. पण सायबांच्या सहा प्लेटांना नवा पुडा फोडला. माझ्या येळेला मोठे सायब म्हणले, तो कूलरपाशी पडलेला संपव, आजच पाठवायचंय.”

“म्हणजे सहाही तुम्हीच...”

“मग काय ते मारणार? एकाचा रॉड प्लेटीला चिकटला तर त्यानं होल्डर सोडून दिला अन् पळाला. ‘साप, साप’ म्हणायचंच बाकी राहिलं होतं.” तो हसला नाही. “मास्तर, तुम्हाला हे सगळं ठावं होतं. आत बोलला कामून न्हाई?”

“मला तिथं बोलता येईना.”

“तिथं न्हाई तर कुठं बोलणार? यष्टीत?”

त्याने बिडी विझवली आणि माझ्याकडे जसं पाहिलं तसं अमृतरावांनीही पाहिलं नव्हतं. अमृतराव मला क्षुद्र समजत होते, ते मला सोसण्यासारखं होतं. त्यांच्याविषयी मलाही तेच वाटत होतं. गुरुलिंगने मला त्यांच्यात धरलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी अहवालाचे पाच मसुदे मनात केले आणि पाचही खोडले. एकात मी फार रागावलो होतो, एकात क्षमा मागत होतो. मनातल्या मनात भांडायला मला नेहमीच छान जमतं. सकाळी प्रयोगशाळेत जाऊन सहावा कागदावर उतरवला, वाचून पाहिला तर धीर सुटेल म्हणून तसाच पाकिटात घातला. एक प्रत लातूरला, एक त्यांच्या वरच्या कार्यालयाला. मजकूर मला अजून पाठ आहे:

‘प्लेट क्रमांक एक ते सात यांचे वेल्डिंग एकाच डावखुऱ्या वेल्डरने केले आहे. त्याचा हात उत्तम आहे. क्रमांक सात तुटण्याचे कारण दमट रॉड. त्याची नियमानुसार पुन्हा चाचणी घ्यावी. उरलेल्या सहा उमेदवारांनी वेल्डिंग केले असल्याचा कोणताही पुरावा प्रयोगशाळेकडे आलेला नाही.’

चौथ्या दिवशी फोन आला. अमृतराव इतके ओरडत होते की रिसीव्हर कानापासून दूर धरूनही शब्द कळत होते. मी कोण, माझा पगार किती, मला हे कोणी विचारलं होतं. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा मी म्हणालो, “साहेब, पुन्हा चाचणीला सातही जणांना पाठवा. आमचा ओव्हन रिकामा आहे.” माझा आवाज चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.

वरच्या कार्यालयाने तारीख दिली: एकोणतीस मे. सहा अभियंत्यांकडून एकच पत्र आलं, खाली सहा सह्या. ते सर्व दुष्काळी कामात व्यग्र असल्याने उपस्थित राहू शकत नव्हते. त्यांना पुढे सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं मिळालीच. फक्त ‘उत्तीर्ण’च्या जागी ‘उपस्थित’ छापलं होतं. त्यांतला एक आज निवृत्त होऊनही परिसंवादांतून जोडांच्या गुणवत्तेवर बोलतो. निमंत्रणं मलाही येतात. मी जात नाही.

गुरुलिंग एकटा आला. मी रॉड रात्रभर ओव्हनमध्ये ठेवले होते. त्याने एक उचलून गालाला लावला, मान हलवली आणि काच तोंडापुढे धरली. या वेळी चरचर नव्हती. एकसारखा, दबका आवाज येत राहिला. हात उजवीकडून डावीकडे निघाला.

पट्टी कापून यंत्रावर ठेवली. ही चिरली असती तर त्याची कायम नोकरी हुकली असती आणि माझा अहवाल एका भित्र्या माणसाचा बाष्कळपणा ठरला असता. मी दाब वाढवत गेलो. पट्टी खाली बसली, वाकली, तिची दोन्ही टोकं समोरासमोर आली. भिंग घेऊन मी जोड तीनदा पाहिला.

“चिरा हाय?”

“नाही.”

“एकदम न्हाई?”

“एकदम नाही.”

तो खुर्चीत बसला. पाच जूनला त्याची कायम नेमणूक झाली हे मला नंतर कळलं. त्या क्षणी त्याने फक्त पाणी मागितलं, आणि माठात तांब्याभर होतं ते सगळं प्याला.

मग म्हणाला, “ह्या पट्टीवर आकडा टाकू नका. नाव टाका.”

मी अक्षरांचे ठसे आणि हातोडी काढली. पहिलं अक्षर ‘गु’. आमच्याकडे ठसे इंग्रजीच होते, म्हणून जी. पहिल्याच घावाला ठसा सरकला आणि जी आडवा पडला. दुसऱ्याला माझ्या अंगठ्यावर हातोडी बसली.

“राहू द्या, मास्तर,” गुरुलिंग म्हणाला. “द्या इकडं.”

त्याने हातोडी डाव्या हातात घेतली आणि आडव्या जीच्या शेजारी आपलं नाव पुन्हा पहिल्यापासून ठोकायला घेतलं. प्रत्येक अक्षर कोणतं ते मला विचारून घेत होता, आणि मी सांगत होतो.