दातांच्या खुणा

पोलिसांच्या त्या वार्षिक पुरस्काराची रीत साधी होती. नाक्यावर ट्रक अडवताना मारल्या गेलेल्या फौजदाराची काळी प्लास्टिकची शिट्टी वर्षभर एका पोलिसाने जवळ बाळगायची आणि वर्ष सरलं की फौजदाराच्या आईच्या हातात परत द्यायची. आई ती चाचपून बघायची आणि पुढच्या मानकऱ्याला द्यायची. नेमकी तीच शिट्टी यंदाच्या मानकरी हवालदारबाईंनी हरवली होती.

चार महिने त्यांनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तशीच शिट्टी दुकानातून आणली, फरशीवर घासली, चहाच्या पाण्यात भिजत घातली. मूळ शिट्टीच्या तोंडाशी दातांच्या खुणा होत्या, एवढं आठवत होतं. किती आणि कुठे, देव जाणे. शेवटी स्वतःच चावली. जबडा दोन दिवस ठणकत होता. चोर पकडण्यात हयात गेलेली बाई, पण लबाडी करायची वेळ आली तेव्हा अगदीच कच्ची निघाली.

परत देण्याच्या दिवशी सभागृहात त्यांचं नाव पुकारलं आणि त्या व्यासपीठाकडे निघाल्या. सरळ कबूल करून टाकावं, असं मन म्हणत होतं. पण पुढच्या रांगेत साहेब, मागे अख्खं ठाणं आणि व्यासपीठावर ती वाळकी म्हातारी. तुमच्या लेकाची शेवटची वस्तू मी घालवली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यांनी शिट्टी आईच्या तळहातावर ठेवली. आईचा अंगठा तिच्या तोंडावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"त्याचे खालचे दोन दात पडलेले होते," आई इतकं हळू बोलली की माइकलाही पत्ता लागला नाही. "खाली खूण नव्हतीच. कुठे हरवली, पोरी?"

"पुलावर. चेंगराचेंगरीत." हवालदारबाई तिच्या कानाशी वाकल्या. "एका मुलीला वर ओढत होते, तेव्हा शिट्टीची दोरी तुटली. आई, मला माफ..."

"मुलगी वाचली?"

"वाचली."

आईने मूठ मिटली आणि क्षणभर तशीच छातीशी धरली. मग पुढे आलेल्या नव्या मानकऱ्याकडे वळून ती माइकमध्ये खणखणीत आवाजात म्हणाली,

"घे बाळा. माझ्या लेकाचीच आहे."