मलमलीत गुंडाळलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहाताएवढी, काळी, पोटात गरगर फिरणारी चकती असलेली. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा विचारू नका! दहा कपाटांचे कागद मी एकटी पोटात घेणार होते ना!

मला एका भाचीने विकत आणले. तिची मावशी बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तीस वर्षे तिच्या आवाजावर माणसे पिशव्या सावरत धावली. पुढे तिच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मग भाचीने आठवडाभर मावशीच्या घोषणा, गप्पा, रागावणेसुद्धा टिपले. सारे माझ्यात साठवले आणि आता बॅकअप झाला म्हणून लॅपटॉपवरचे पुसून जागा मोकळी केली.

मावशी पाटीवर लिहून बोलू लागली. मला मलमलीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. "कुणी हात लावायचा नाही, त्यात मावशीचा आवाज आहे," असे भाची सगळ्यांना दटावायची. नऊ वर्षे खरेच कोणी हात लावला नाही. एकदाही चालवले नाही. मी आतून आखडत गेले आणि मला फार एकटे वाटायचे.

मावशीच्या सत्तराव्या वाढदिवसाला भाचीने मला लॅपटॉपला जोडले. मी जीव खाऊन प्रयत्न केला, पण नुसती टकटक झाली. ती तशीच मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावली.

दुरुस्तीवाल्याने विचारले, "ताई, दुसरी प्रत कुठंय?"

"हाच तर बॅकअप होता."

"आणि मूळ?"

"पुसलं."

"मग हा बॅकअप कसला? ही एकुलती एक प्रत होती."

महिनाभर खटपट करून त्याने एकच तुकडा वाचवला. भाचीने तो मावशीला ऐकवला.

"अगं, ते यंत्र ठेव बाजूला नि आधी जेवून घे! किती वेळा सांगायचं?"

मावशी ऐकत राहिली. मग तिने पाटीवर लिहिले, 'एवढी ओरडायचे मी?' भाची हसता हसता रडली.

आता तो तुकडा नव्या डिस्कवर आहे, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या एका खास सीडीवर आहे आणि परगावी भाचीच्या भावाच्या घरीही आहे. दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रती लावून पाहतात.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, पण नुसते कपाटात ठेवून जपू नका. अधूनमधून चालवा, आणि कोणा एकीच्या भरवशावर राहू नका. मावशीच्या त्या घोषणा अजून माझ्या पोटात आहेत. मला त्या कोणालाच ऐकवता येत नाहीत.