सामाईक इंजिन

वारसा म्हणजे निव्वळ मालमत्ता नव्हे. मागच्या पिढीने पुढच्या पिढीच्या हाती विश्वासाने सोपवलेली ती एक मशाल असते. आमच्या सासऱ्यांनी सोपवलेल्या मशालीचं उजवं दार डावीकडे वळताना उघडायचं. म्हणून ते सुतळीने बांधून ठेवलेलं असे.

ही मशाल म्हणजे एक जुनी पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि हौद्यात रोपं. सासरे आणि सासूबाई मिळून रोपवाटिका चालवत. सासरे गाडी हाकायचे. सासूबाई शेजारी बसून सांगायच्या, "पुढे खड्डा आहे." सासरे गाडी त्या खड्ड्यातून नेऊन म्हणायचे, "हो, आहे." संसार असा एकमताने चालला होता.

सासरे गेले आणि गाडी रोपवाटिकेच्या एका कोपऱ्यात उभी राहिली. काही महिन्यांनी दोघे मेव्हणे आईशी बोलायला आले. मी या घरचा जावई, त्यामुळे ऐकायला मलाही बोलावलं होतं. कुंड्या भरायच्या टेबलाभोवती सगळे बसलो. टेबलावर खत होतं, म्हणून कोणी कोपर टेकत नव्हतं.

"आई, आता हे पुरे," थोरले म्हणाले. थोरले एका कारखान्यात तयार माल तपासतात. आयुष्यभर वस्तू नापास करण्याचा पगार घेतल्यामुळे त्यांच्या आवाजात एक वजन आहे. "ही जागा भाड्याने देऊ. तू आळीपाळीने आमच्याकडे राहा. थोडे दिवस माझ्याकडे, थोडे दिवस याच्याकडे."

"मी काय शिडी आहे," सासूबाई म्हणाल्या, "ज्याला लागेल त्याने घेऊन जायला?"

"तसं नाही गं. पण माल पोचवणार कोण? गाडी कुठाय?"

"ती काय, उभी आहे की."

"ती?" धाकटा म्हणाला. धाकटा दुकानांच्या पाट्या बनवतो, आतून दिवे लागणाऱ्या. "आई, तिच्या बॉनेटमधून वेल बाहेर आलाय."

"चांगल्या जातीचा आहे. तोडू नकोस."

मग सासूबाईंनी हात झटकले आणि आपलं म्हणणं मांडलं. नव्या वसाहतीच्या बागेचं काम त्यांच्याकडे आलं होतं. महिनाअखेरच्या सोमवारी कुंड्यांची पहिली खेप तिथे पोचायला हवी होती. ती वेळेवर पोचली तर वसाहतीचं पुढचं सगळं काम त्यांचं, आणि मग त्या इथून हलणार नव्हत्या. नाही पोचली तर फाटकाला कुलूप लावून मुलं म्हणतील त्या घरात, म्हणतील त्या खुर्चीत बसायला तयार होत्या.

"गाडी दुरुस्त करा, नाहीतर मला उचलून न्या," त्या म्हणाल्या. "दोन्हींत कष्ट आहेतच."

मुलं कबूल झाली. खरं तर गाडी बिघडलेलीच राहण्यात त्यांचा फायदा होता. पण बॉनेट उघडून दोघे आत डोकावले मात्र, आणि आईला कुठे ठेवायचं हा विषय त्यांच्या डोक्यातून पार गेला.

थोरल्यांचं मत पडलं की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती अगदी तशीच करायची. तोच रंग, तीच मूठ, तोच स्क्रू. धाकट्याचं मत पडलं की गाडी उंच करायची, मोठी चाकं घालायची आणि जिथे जागा दिसेल तिथे दिवे लावायचे.

"अण्णांची गाडी आहे ती. जत्रा नाही," थोरले म्हणाले.

"अण्णांनाच आवडलं असतं, दादा. तू त्यांना कधी विचारलंस?"

"तू विचारलंस?"

अण्णा उत्तर देण्याच्या स्थितीत नसल्यामुळे रीतसर वाटणी करायची ठरली. घर आणि जमीन सासूबाईंच्या नावावर. म्हणजे दोघा भावांत वाटून घेण्यासारखी वडिलोपार्जित वस्तू एवढी एकच होती, आणि ती वाटल्याशिवाय आपण कर्ते झालो असं दोघांनाही वाटणार नव्हतं. केबिनच्या मागे खडूने उभी रेघ मारली. रेघेपुढचं थोरल्यांचं, मागचं धाकट्याचं. बहिणीलाही हक्क आहे याची आठवण झाल्यावर तिला स्टेपनी दिली.

"माहेरहून एक चाक मिळालं," माझी बायको घरी जाताना म्हणाली. "बाकीची तीन तुमच्याकडून येणार का?"

राहिलं इंजिन. ते रेघेच्या पुढे होतं, पण गाडीचे दोन्ही भाग ओढायचं तेच, म्हणून ते सामाईक ठरलं. सामाईक विहिरीसारखं. दोघांची संमती असल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत असल्यामुळे मला सीमावादातलं कळतं असा घरात समज आहे. त्यामुळे इंजिनावर देखरेख माझ्याकडे आली. मला इंजिनातलं काही कळत नाही, ही माझी जमेची बाजू धरण्यात आली. कळत असतं तर मी पक्षपात केला असता.

पहिल्या रविवारी मेस्त्री आले. त्यांनी आधी वेल सोडवला. तो रेडिएटरच्या नळीला विळखा घालून बसला होता. सासूबाईंनी तो लगेच कुंडीत लावला. मग मेस्त्रींनी तारा जोडून किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. दोघा भावांनी टाळ्या वाजवल्या.

"इंजिन तर ठीकच आहे," थोरले म्हणाले.

"एकदम," धाकटा म्हणाला.

"एक नळी जरा..." मेस्त्री म्हणाले.

"ते शेवटी बघू. दोघं मिळून."

त्या महिन्यात दोघा भावांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

त्यानंतर कामाला जोर आला. थोरले दर रविवारी सकाळी पॉलिश पेपर घेऊन येत आणि पुढच्या पत्र्यावरचा गंज घासत. गंजाखाली एक रंग निघाला, त्याखाली दुसरा. मूळ रंग कुठला यावर त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी सगळ्यांत खालचा मूळ मानला. तो प्रायमर आहे असं मेस्त्री म्हणाले. थोरल्यांनी त्यांना नापास केलं. त्यामुळे पुढची गाडी अगदी प्रामाणिक अशा प्रायमरच्या रंगाची झाली. उजव्या दाराला त्यांनी जुन्या बाजारातून अस्सल कडी आणून बसवली. दार आता डावीकडे वळताना उघडेना. ते एरवीही उघडेना. थोरले डाव्या दाराने आत शिरून सरकत सरकत स्टिअरिंगपाशी जात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे.

धाकट्याने मागे स्प्रिंगचे जास्तीचे पाटे घालून हौदा उचलला आणि ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं लावली. पुढची बाजू मूळ उंचीवरच होती. परिणामी गाडी ओढ्यावर पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी दिसू लागली.

"पुढचीही थोडी उचलू का?" मेस्त्रींनी विचारलं.

"माझ्या हद्दीत पाना लावायचा नाही," थोरले म्हणाले. "त्याला म्हणावं, मागची खाली घे."

"दादाला म्हणावं, मान वर कर," धाकटा म्हणाला. दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. निरोप मेस्त्रींनी पोचवले.

केबिनच्या मागच्या काचेवरून एक रविवार गेला. ती नेमकी रेघेवर होती. शेवटी थोरले ती आतून पुसत आणि धाकटा बाहेरून. एकमेकांना ते काचेतून दिसत. पण पुसणं थांबवत नसत. सायलेन्सरचा प्रश्न याहून बिकट. तो सामाईकात उगम पावून थोरल्यांच्या मुलखातून वाहत धाकट्याकडे संपायचा. मी अनेक नद्यांचे दाखले दिले. शेवटी त्याला कोणीच हात लावला नाही.

बॅटरीचा विषय मी तीनदा काढला. मूळ मापाची घ्यावी असं थोरल्यांचं म्हणणं, दिव्यांना पुरेल अशी मोठी घ्यावी असं धाकट्याचं. तोवर असू दे जुनीच, असं दोघांनी आपापल्या बाजूने मला सांगितलं. मी देखरेख चालू ठेवली.

सासूबाई दर रविवारी चहा आणत. गाडीभोवती एक फेरी मारत आणि म्हणत, "बरं चाललंय." मग थोरल्यांच्या हातात खुरपं देत. "तू थांबलायसच तर तेवढा वाफा बघ." धाकट्याला पाण्याचा पाइप धरायला लावत. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, सोमवारी निघेल का हो ही?"

"आई, पुढचं पूर्ण झालंय. मागचंही झालंय."

"आणि मधलं?"

"त्यावर चर्चा चालू आहे."

त्यांनी मान डोलावली. आमच्या घरात फक्त त्यांनाच माझ्या बोलण्याचा अर्थ पहिल्या फटक्यात कळतो.

सोमवारच्या आदल्या दुपारी धाकट्याने शेवटचे दिवे बसवले आणि सगळे एकदम लावून दाखवले. टळटळीत ऊन होतं. दिवे लागलेत की नाही हे बघायला हाताने सावली करून जवळ जावं लागत होतं. सगळ्यांनी जवळ जाऊन कौतुक केलं. मग सगळे घरी गेले. दिवे तेवढे राहिले.

सोमवारी सकाळी आम्ही कुंड्या चढवायला घेतल्या. हौदा खांद्याइतका उंच झाला होता. कुंडी आधी स्टुलावर, स्टुलावरून माझ्या डोक्यावर आणि तिथून धाकट्याच्या हातात, अशी वर जाई. हौद्यात त्याने गालिचा अंथरला होता.

"आई, माती सांडू देऊ नकोस हं. नवा रंग आहे."

"कुंडीत मातीच असते रे," सासूबाई म्हणाल्या.

हौदा पुढे कललेला, त्यामुळे ठेवलेली प्रत्येक कुंडी गालिच्यावरून घरंगळत जाऊन केबिनला टेकायची. थोडक्यात, सगळा माल थोरल्यांच्या हद्दीला येऊन भिडला.

"हे अतिक्रमण आहे," थोरले आतून म्हणाले. ते सरकत सरकत स्टिअरिंगपाशी पोचले होते. सासूबाई त्यांच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर बसल्या. थोरल्यांनी किल्ली फिरवली.

'टक्' असा आवाज आला.

पुन्हा फिरवली. या वेळी तोही आला नाही.

"दिवे," मेस्त्री म्हणाले.

"बॅटरी जुनी होती," धाकटा म्हणाला.

"मोठी घेतली असती तर ती मोठ्याने बसली असती," थोरले म्हणाले. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. सामाईकाची जबाबदारी कोणाची, हे त्या क्षणी प्रथमच स्पष्ट झालं.

गाडी ढकलायचं ठरलं. ढकलायची तर मागून, म्हणजे धाकट्याच्या मुलखातून. थोरले उतरून मागे आले आणि त्यांनी हौद्याच्या फाळक्याला हात लावला.

"दादा, बोटं उमटतील!"

"मग काय फुंकर मारू?"

फुंकर, खांदे आणि मेस्त्री लावून गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत सरकली. तेवढ्याने ती चालू होईना, तेव्हा मेस्त्रींनी आपल्याकडची दुसरी बॅटरी जोडली आणि खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी चालू झाली! खोकली, धूर सोडला, थरथरली. केबिनमध्ये सासूबाईंनी दाराची कडी धरली आणि समोर बघत सवयीने म्हणाल्या, "पुढे खड्डा आहे." तेवढ्यात बॉनेटखाली काहीतरी फुटलं आणि उकळतं पाणी पुढच्या चाकांखालून वाफ्यात वाहू लागलं.

"ती नळी," मेस्त्री म्हणाले. "वेलवाली."

ही खेप चुकली की वसाहतीचं काम गेलं, आणि काम गेलं की फाटकाला कुलूप. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघा भावांचे चेहरे मात्र आई जिंकली असती तर बरं झालं असतं, असे झाले होते. थोरल्यांनी घसा साफ केला. "आई, तुझी खोली मी... म्हणजे खिडकीतून झाडं दिसतात तिथून."

"एक झाड," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे गच्ची आहे."

फाटकावर हॉर्न वाजला. सासूबाई केबिनमधून सावकाश उतरल्या आणि पदर झटकत म्हणाल्या, "आला वाटतं."

टेम्पो होता. बुटका, साधा, कुठल्याही विशेष रंगाचा नसलेला. चालकाने आपला फाळका पाडला आणि आमच्या हौद्यातल्या कुंड्या उतरवून टेम्पोत ठेवायला लागला. त्याला स्टूल लागलं नाही.

"आई, तू टेम्पो सांगितला होतास?" थोरल्यांनी विचारलं.

"परवाच."

"मग आम्ही महिनाभर हे काय करत होतो?"

"तुमचं छान चाललं होतं की," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर फोनवर भांडता. इथे येऊन भांडलात, तेवढे वाफे तरी खुरपून झाले. नुसतं खुरपायला बोलावलं असतं तर आला असतात?"

दोघांनी याचा विचार केला. उत्तर सामाईक असल्यामुळे कोणीच दिलं नाही.

सासूबाई टेम्पोत चालकाशेजारी बसल्या. टेम्पो फाटकातून बाहेर पडला. "पुढे खड्डा आहे," असा आवाज आला. टेम्पोने खड्डा चुकवला.

माल वेळेवर पोचला. वसाहतीचं काम त्यांना मिळालं. फाटकाचं कुलूप बोळक्यात पडून आहे. मेव्हणे अजूनही रविवारी येतात. पुढची बाजू उचलायची की मागची खाली घ्यायची यावर बोलणी चालू आहेत, आणि इंजिनावर माझी देखरेख आहे.

गाडी पाण्याच्या टाकीजवळच उभी आहे. मागची बाजू उंच असल्यामुळे हौद्याखाली दिवसभर सावली असते, आणि टाकी झिरपते. सासूबाईंनी तिथे नेचे ठेवलेत. नेच्यांना जागा मानवली आहे.